न्यायासन आणि गळफास : न्यायमूर्ती वॉरग्रेव्ह या व्यक्तिरेखेचा विचार

रहस्यकथेतील खुनी हा बहुधा शेवटच्या प्रकरणापुरताच जगतो. त्याचे नाव उघड झाले की वाचकाचे कुतूहल शमते आणि त्याबरोबर ती व्यक्तिरेखाही संपते. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) या कादंबरीतील न्यायमूर्ती लॉरेन्स वॉरग्रेव्ह हा या नियमाला ठळक अपवाद आहे. त्याचे नाव कळल्यानंतरच त्याच्याविषयीचे खरे प्रश्न सुरू होतात. (इंग्लंडमधील पहिल्या आवृत्तीचे शीर्षक त्यातील वर्णवाचक अपशब्दामुळे पुढे मागे पडले; येथे अमेरिकन आवृत्तीचे, आता सर्वत्र रूढ झालेले शीर्षक वापरले आहे.) मराठीत या कादंबरीचा उल्लेख होतो तो प्रायः तिच्या रचनाकौशल्यासाठी. एक बेट, दहा माणसे, बालगीताच्या क्रमाने पडणारे बळी आणि मागे उरलेले निर्मनुष्य घर ही रचना निर्विवाद विलक्षण आहे. परंतु या रचनेच्या मुळाशी एक न्यायाधीश आहे आणि तो न्यायाधीश असण्यावाचून ही रचना संभवतच नाही, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

वॉरग्रेव्हविषयी सर्वसाधारणपणे केले जाणारे विधान असे की, न्यायाच्या ध्यासाने तो खुनी झाला. हे विधान सोयीचे आहे, पण त्याला आधार कशाचा, हे पाहिले पाहिजे. त्याला आधार आहे तो खुद्द वॉरग्रेव्हच्या कबुलीजबाबाचा. बाटलीत बंद करून समुद्रात सोडलेले आणि एका मासेमारी बोटीच्या हाती लागून स्कॉटलंड यार्डपर्यंत पोहोचलेले हे हस्तलिखित हीच त्याच्या अंतरंगाची जवळजवळ एकमेव साक्ष होय. आरोपीने स्वतःच लिहिलेल्या साक्षीकडे कोणतेही न्यायालय ज्या सावधपणे पाहील, तो सावधपणा समीक्षकानेही बाळगणे प्राप्त आहे.

या कबुलीजबाबात वॉरग्रेव्ह आपल्या स्वभावातील दोन प्रवृत्ती सांगतो. पहिली मृत्यू पाहण्याची आणि घडवण्याची आवड : बालपणी गांधीलमाश्या व बागेतील किडे मारण्यात त्याला सुख होते. दुसरी प्रवृत्ती न्यायबुद्धीची. निरपराध जीवाला आपल्या हातून यातना व्हाव्यात ही कल्पनाच त्याला असह्य वाटे. वकिली आणि पुढे न्यायाधीशपद या व्यवसायात दोन्ही प्रवृत्तींची सोय लागली, असे तो म्हणतो. गुन्हेगार आरोपीच्या पिंजऱ्यात तळमळताना पाहणे त्याला आवडे. मात्र तेथे निरपराध माणूस उभा असला तर त्याला मुळीच सुख वाटत नसे, आणि निदान दोनदा त्याने खटला पुढे चालूच दिला नाही.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. कबुलीजबाबात क्रौर्य आधी येते, न्यायबुद्धी नंतर. तेव्हा ‘न्यायाच्या ध्यासाने खुनी झाला’ या विधानाऐवजी, मारण्याच्या इच्छेला न्यायाने पात्र माणसे पुरवली, असे म्हणणे संहितेला अधिक धरून होईल. त्याचा न्याय कोणाला मारायचे ते ठरवतो. मारायचेच हे न्यायाच्या आधी ठरलेले आहे. तरीही त्याला केवळ ढोंगी ठरवून मोकळे होता येत नाही. निरपराधाविषयीची त्याची भावना खोटी असल्याचा एकही पुरावा कादंबरीत नाही. सीटन खटल्याचे उदाहरण पाहावे. एडवर्ड सीटन या दिसायला देखण्या, साक्षीत छाप पाडणाऱ्या आरोपीला वॉरग्रेव्हने ज्यूरीपुढील समारोपात फासाच्या दोरापर्यंत नेले, असा बोलबाला होता. बेटावर ध्वनिमुद्रिकेतून जे आरोप वाचले जातात, त्यांत वॉरग्रेव्हवर याच सीटनच्या हत्येचा आरोप आहे. वॉरग्रेव्ह शांतपणे उत्तर देतो : सीटन दोषी होता, आपण कर्तव्य केले. वाचकाला हे उत्तर निर्ढावलेल्या माणसाचे वाटते. प्रत्यक्षात नंतर मिळालेल्या पुराव्यावरून सीटन निःसंशय दोषी ठरलेला असतो. म्हणजे त्या दिवाणखान्यात जमलेल्या माणसांपैकी, आपल्यावरील आरोपापुरते, पूर्ण सत्य बोलणारा आणि खरोखर निर्दोष असणारा माणूस एकच, आणि खुनी तोच. कबुलीजबाबात पोलिसांसाठी जे तीन दुवे तो नोंदवतो, त्यांतील पहिला हाच आहे.

आता न्यायदानाच्या व्यवस्थेकडे वळावे लागते. कारण वॉरग्रेव्हने नेमके काय मोडले हे त्याशिवाय कळत नाही. १९३९च्या इंग्लंडमध्ये खुनाच्या खटल्यात अधिकारांची वाटणी काटेकोर होती. पुरावा गोळा करणारे पोलीस वेगळे, तो मांडणारा फिर्यादी पक्षाचा वकील वेगळा, त्याला छेद देणारा बचावाचा वकील वेगळा. आरोपी दोषी की निर्दोष हे ज्यूरी ठरवी. न्यायाधीश कायद्याचे विवेचन करी, समारोप करी आणि ज्यूरीने दोषी ठरवल्यास डोक्यावर काळी टोपी ठेवून फाशी सुनावी. ती शिक्षा खुनासाठी अनिवार्यच होती. १९०७ साली स्थापन झालेल्या फौजदारी अपील न्यायालयाचे दार त्यानंतरही उघडे असे, आणि त्याहीनंतर गृहमंत्र्यांकडे दयेचा अर्ज करता येई. प्रत्यक्ष दोर ओढणारा माणूस तर न्यायाधीशाच्या दृष्टीसही पडत नसे. या व्यवस्थेत एखाद्याचा जीव घेण्याचे काम इतक्या हातांत विभागलेले होते की, कोणाच्याही हाताला ते पूर्णपणे लागू नये. (खुनासाठीची फाशी ब्रिटनमध्ये १९६५ साली तहकूब आणि १९६९ साली कायमची रद्द झाली.) वॉरग्रेव्हला खुपते ते हेच विभाजन. न्यायनिवाडा करण्याऐवजी आपण स्वतः कृती करावी, अशी इच्छा आपल्या मनात उत्तरोत्तर वाढत गेली, असे तो लिहितो. त्याला फक्त निकाल नको आहे. पुरावा, आरोप, निकाल, अंमलबजावणी हे सर्व एका हातात हवे आहे.

बेट त्याला ते देते. कायद्याच्या कक्षेत न सापडलेले, परंतु दुसऱ्याच्या मृत्यूला कारण झालेले असे लोक शोधून तो त्यांना डेव्हनच्या किनाऱ्याजवळील सोल्जर आयलंडवर बोलावतो. बोलावणाऱ्याचे नाव ‘यू. एन. ओवेन’, म्हणजे उच्चारसाम्याने ‘अज्ञात’. पहिल्याच रात्री ध्वनिमुद्रिकेवरून दोषारोप वाचले जातात आणि आरोपींना बचावात काही सांगायचे आहे काय, असेही विचारले जाते. रूप पूर्णपणे न्यायालयाचे आहे. मात्र त्या आरोपांमागील पुरावा कोणत्या प्रकारचा आहे, हे शेवटी कबुलीजबाबात उघड होते, आणि या कादंबरीचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच होय. रॉजर्स पतिपत्नीने आपल्या मालकिणीला वेळेवर औषध न देता मरू दिले, हे एका डॉक्टराच्या बोलण्यातून कळलेले. डॉ. आर्मस्ट्राँगने दारूच्या अमलाखाली शस्त्रक्रिया केली, ही एका परिचारिकेने सांगितलेली गोष्ट. जनरल मॅकआर्थरने पत्नीच्या प्रियकराला जाणूनबुजून मृत्यूच्या तोंडी पाठवले, ही क्लबातील दोन जुन्या सैनिकांची कुजबुज. एमिली ब्रेन्टने गरोदर मोलकरणीला घराबाहेर काढले व तिने जीव दिला, हा प्रवासात भेटलेल्या एका बाईचा संताप. आणि व्हेरा क्लेथॉर्नने सिरिल हॅमिल्टन या लहान मुलाला बुडू दिले, हे अटलांटिक ओलांडताना जहाजावर, मद्याच्या भरात, तिच्यावर प्रेम करणाऱ्या ह्यूगोने ओकलेले गुपित.

हा सर्व ऐकीव पुरावा आहे. स्वतःच्या न्यायालयात वॉरग्रेव्हने यातील एकही साक्ष ग्राह्य धरली नसती. उलटतपासणी नाही, दुसरी बाजू नाही, संशयाचा फायदा नाही. न्यायासनावरून निवृत्त झालेला हा न्यायाधीश कायदा तर मोडतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे न्यायाधीश म्हणून आयुष्यभर ज्या शिस्तीने तो वागला ती शिस्तच टाकून देतो. मग वाचकाला हे खटकत का नाही?

याचे उत्तर ख्रिस्ती यांच्या निवेदनतंत्रात आहे. निवेदक प्रत्येक पात्राच्या मनात आळीपाळीने शिरतो. व्हेराला समुद्राचा वास येताच पोहत खडकाकडे निघालेला सिरिल दिसू लागतो. मॅकआर्थरला आपण ते पत्र वाचले तो दिवस आठवतो. लोम्बार्ड तर पूर्व आफ्रिकेतील एकवीस माणसांना मरायला सोडून निघून आल्याचे उघडपणे कबूल करतो. न्यायाधीशाजवळ जो पुरावा नव्हता, तो निवेदक वाचकाला देतो. वॉरग्रेव्हने ऐकीव माहितीवर बांधलेला आरोप वाचकाला पात्राच्या स्वतःच्या स्मृतीतून सिद्ध झालेला दिसतो. परिणामी न्यायाधीशाच्या पुराव्यातील पोकळी वाचक स्वतःच्या ज्ञानाने भरून काढतो आणि नकळत ज्यूरीच्या बाकावर जाऊन बसतो. वाचकाची ही भागीदारी म्हणजे या कादंबरीतील खरे कारस्थान. खुनी कोण, हे लपवणे त्या मानाने सोपे होते. येथेही एक बारकावा पाहण्यासारखा आहे : निवेदक वॉरग्रेव्हच्याही मनात शिरतो, सीटनच्या आठवणीने त्याच्या ओठांवर आलेले स्मित टिपतो, आणि तरीही कोठे खोटे बोलत नाही. अर्थ लावताना चूक करतो तो वाचक.

बळींचा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला आहे. ज्यांचा अपराध सर्वांत हलका, त्यांनी आधी जावे. ज्यांनी थंड डोक्याने गुन्हा केला, त्यांनी दीर्घकाळ भीतीत जगावे. दोन मुलांना भरधाव मोटारीखाली चिरडणारा अँथनी मार्स्टन पहिल्याच रात्री सायनाइडने जातो, कारण वॉरग्रेव्हच्या मते त्याला नैतिक जबाबदारीची जाणीवच नव्हती. रॉजर्सची पत्नी नवऱ्याच्या दडपणाखाली वागली, म्हणून ती दुसरी. सर्वांत शेवटी व्हेरा. फौजदारी कायद्यातील ‘अपराधी मन’ या तत्त्वाचेच हे एक विपरीत रूप. परंतु कायद्यात त्या तत्त्वाचा उपयोग अपराध ठरवण्यासाठी, शिक्षेचे मान कमी-अधिक करण्यासाठी होतो; येथे शिक्षा सर्वांना एकच आहे, मृत्यू, आणि बदलते ती फक्त वाट पाहण्याची मुदत. इंग्लंडमध्ये शिक्षा सुनावल्यानंतर फाशीपूर्वी साधारणतः तीन रविवार जाऊ देण्याची प्रथा होती. कैद्याने पश्चात्ताप करावा, अपिलाला अवधी मिळावा, हा तिचा हेतू. वॉरग्रेव्ह तो अवधी ठेवतो, हेतू काढून टाकतो. त्याच्या बेटावर अपील नाही. उरते ती केवळ प्रतीक्षेची यातना. लहानपणीचा गांधीलमाश्यांचा प्रयोग येथे न्यायशास्त्राची परिभाषा धारण करून परत आला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

न्यायाधीशपद हे वॉरग्रेव्हचे सर्वांत पक्के वेषांतरही आहे. संकट येताच बेटावरील माणसे आपोआप त्याच्याकडे पाहू लागतात. तो चौकशी चालवतो, साक्षी घेतो, कोणालाही संशयातून वगळता येत नाही असा निष्कर्ष काढतो. आणि हा निष्कर्ष बरोबरच असतो! डॉ. आर्मस्ट्राँग त्याच्या खोट्या मृत्यूच्या बेतात सामील होतो तो केवळ याच विश्वासावर की, इतक्या प्रतिष्ठेचा न्यायमूर्ती खुनी असणे शक्य नाही. त्या खोट्या मृत्यूचा देखावा तर बोलका आहे. कायद्याचा उल्लेख असलेल्या गीताच्या ओळीला अनुसरून वॉरग्रेव्ह खुर्चीत बसलेला आढळतो : अंगावर झगा म्हणून स्नानगृहातील लाल पडदा, डोक्यावर केसांचा टोप म्हणून करड्या लोकरीची गुंडाळी, कपाळावर रक्ताचा डाग. पडदा आणि लोकर. न्यायाधीशपदाची बाह्य चिन्हे किती सहज जमवता येतात, हे खुद्द न्यायाधीशच दाखवून देतो.

या ठिकाणी मराठी वाचकाला विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथेही न्यायालय खरे नाही. वेळ घालवण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला आहे, आणि खेळता खेळता तो लीला बेणारे हिच्या खऱ्या आयुष्यावर येऊन आदळतो. न्यायाधीशाची भूमिका करणारे काशीकर स्वतःच उठून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातात, साक्ष देतात आणि पुन्हा न्यायासनावर बसतात. हा प्रसंग रंगभूमीवर हास्यास्पद वाटतो आणि त्याच क्षणी भयंकरही. वॉरग्रेव्हने बेटावर जे थंडपणे केले, तेच येथे मध्यमवर्गीय सभ्यपणाच्या भरात घडते : न्यायाधीश, साक्षीदार आणि फिर्यादी यांच्यातील भिंती पाडल्या जातात. दोन्ही कृतींत खटल्याचे रूप जितके निर्दोष, तितका त्यातील न्याय विपरीत. अर्थात भेदही तेवढाच महत्त्वाचा आहे. काशीकरांना आपण काय करीत आहोत याची जाणीव नाही. वॉरग्रेव्हला पूर्ण आहे. आणि तेंडुलकरांनी प्रेक्षकाला बेणारेच्या बाजूला आणून उभे केले. ख्रिस्ती यांनी वाचकाला न्यायाधीशाच्या शेजारी बसवले. बेणारेला अखेरीस स्वगत मिळते, जरी रंगमंचावरील कोणालाही ते ऐकू जात नसले तरी. व्हेराला ते मिळत नाही. एकटी उरलेली ती खोलीत शिरते, टांगलेला दोर आणि त्याखाली मांडलेली खुर्ची पाहते आणि जवळजवळ तंद्रीतच गळफास स्वतःच्या हाताने अडकवून घेते. न्यायाधीशाला जल्लादाचीही गरज उरलेली नाही. आरोपीच ते काम करते.

या व्यक्तिरेखेचा अर्थ आणखी स्पष्ट होतो तो ख्रिस्ती यांच्याच दुसऱ्या एका कादंबरीच्या सान्निध्यात. ‘कर्टन’ ही पॉयरोची अखेरची कथा त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली आणि ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नॉर्टन नावाचा एक माणूस इतरांच्या मनातील द्वेष फुलवून त्यांच्याकडून खून करवतो. स्वतः कायद्याच्या कचाट्यात कधीच सापडत नाही. आयुष्यभर कायद्याच्या बाजूने उभा राहिलेला पॉयरो अखेरीस स्वतःच त्याला गोळी घालतो, नेमकी कपाळाच्या मध्यभागी. वॉरग्रेव्हही आपल्या कपाळावरच गोळी झाडण्याची व्यवस्था करतो आणि त्या खुणेला केनची खूण म्हणतो. दोन्ही कथांच्या शेवटी मरणोत्तर वाचले जाणारे लेखी निवेदन आहे. मॅकआर्थर, ब्लोअर इत्यादींप्रमाणे नॉर्टनही कायद्याला न सापडणारा. साम्य इतके दाट आहे की ते योगायोगाचे मानता येत नाही.

फरक पडतो तो त्या निवेदनांच्या स्वरात. आपण केले ते समर्थनीय होते की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही, अशी कबुली पॉयरो देतो. इतके दिवस ज्याला सारे निश्चित ठाऊक असे, तो आता काहीच निश्चितपणे सांगू शकत नाही. आणि हृदयविकाराचा झटका आला तर वाचवू शकणारे औषध तो जाणूनबुजून दूर ठेवतो व स्वतःला वरच्या न्यायालयाच्या स्वाधीन करतो. वॉरग्रेव्हच्या कबुलीजबाबात अशी एकही ओळ नाही. तेथे आहे तो कलावंताचा अहंकार : आपली निर्मिती अजोड आहे आणि कोणाला तरी ती कळावी, ही मानवी दुर्बळता तो मान्य करतो. पश्चात्ताप नव्हे, दाद हवी म्हणून तो लिहितो. केनच्या खुणेचा त्याने लावलेला अर्थही तपासण्याजोगा आहे. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात ती खूण केनला कोणी ठार मारू नये म्हणून परमेश्वराने केलेली आहे. खुन्यालाही मारण्याचा अधिकार माणसाला नाही, हे सांगणारी. वॉरग्रेव्ह तिचा उपयोग केवळ खुन्याचा शिक्का म्हणून करतो. धर्मग्रंथाचा दाखला देणारा हा कायदेपंडित मूळ कलमाचा अर्धाच भाग वाचतो.

आपल्याकडे रामशास्त्री प्रभुणे यांची प्रतिमा न्यायनिष्ठेचा आदर्श म्हणून रूढ आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुण्यातून निघून गेले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. निवाडा दिला, अंमल होणार नाही हे दिसले, आणि अधिकारपद सोडले. न्यायाच्या ध्यासाची ही दुसरी वाट. दोर हातात घेण्याचा विचार या कथेत कोठेही नाही, आणि म्हणूनच ती लोकमानसात टिकली असावी.

राहता राहिला प्रश्न वॉरग्रेव्हच्या अचूकतेचा. कादंबरीत तो एकदाही चुकत नाही. मॉरिस हा दलाल धरून आठ माणसे त्याच्या हातून प्रत्यक्ष मरतात, लोम्बार्डला व्हेरा मारते, व्हेरा स्वतःला. आणि सर्व दहाही जण दोषी असल्याचे वाचकाला कळते. ऐकीव पुराव्यावर दहापैकी दहा निकाल बरोबर यावेत, हा कादंबरीतील सर्वांत मोठा असंभव आहे. खोट्या मृत्यूच्या युक्तीपेक्षाही मोठा. ख्रिस्ती यांनी १९४३ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलेले या कादंबरीचे नाट्यरूपांतर स्वतः केले, तेव्हा शेवट बदलला. नाटकात लोम्बार्ड आणि व्हेरा हे दोघे त्यांच्यावरील आरोपांतून निर्दोष निघतात. वॉरग्रेव्ह व्हेराच्या गळ्यात दोर अडकवू पाहतो तेव्हा मेला असे समजलेला लोम्बार्ड त्याला गोळी घालतो. हा बदल युद्धकाळातील प्रेक्षकांसाठी केलेली तडजोड म्हणून बहुधा कमी लेखला जातो. १९४५चा रने क्लेअर यांचा चित्रपट याच सुखान्ताच्या वाटेने गेला. मूळ शेवट राखला तो १९८७च्या सोव्हिएत चित्रपटाने आणि २०१५च्या बी.बी.सी.च्या मालिकेने. कलाकृती म्हणून कादंबरीचा शेवट श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. पण न्यायाच्या प्रश्नापुरते पाहिले तर नाटकाने कादंबरीची एक थकबाकी चुकती केली आहे : नाटकातील वॉरग्रेव्ह दोन निरपराधांना फाशी देण्यास निघालेला असतो, आणि त्यासाठी त्याच्याजवळचा पुरावा कादंबरीतील पुराव्याहून निराळा नसतो.